केर काढला जातो

दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास आमच्या टेबलावर पर्यावरण प्रकल्पांचा एक गठ्ठा येऊन पडतो. आम्ही तिघेही मराठीचे अध्यापक; ओला कचरा आणि सुका कचरा यांतील भेद आम्हाला घरच्या बादल्यांपुरता ठाऊक. परंतु एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याचे निर्देश दिले, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा समान अभ्यासक्रम आखून दिला, आणि विषय सर्वांचा झाल्यामुळे तो कोणाचाच उरला नाही. ज्या विभागाचा कार्यभार कमी भरतो त्याच्या गळ्यात तो पडतो. भाषाविभागांचा कार्यभार पुरा कधी भरला आहे?

या गठ्ठ्यात एक विषय हटकून असतो : ‘मांडवी किनाऱ्यावरील घनकचरा व्यवस्थापन – एक अभ्यास’. मांडवी रत्नागिरीकरांना हाकेच्या अंतरावर. जेटीवर उभे राहून चार छायाचित्रे काढली की प्रकल्पाला स्थानिक रंग चढतो. बाकीचा मजकूर तयार मिळतो. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, निष्कर्ष, उपाययोजना – सगळे एकाच साच्यातून काढलेले. एका प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मांडवीची काळी वाळू होती आणि शेवटच्या पानावर मुळा-मुठेचा काठ स्वच्छ ठेवण्याचा संकल्प होता. विद्यार्थ्याने गावाचे नाव सगळीकडे बदलले होते, नदीचे बदलायचे राहून गेले होते. शिक्षककक्षात आम्ही मनसोक्त हसलो.

हसणे थांबले ते आमच्यापैकी एकाने कपाटातून एका राष्ट्रीय चर्चासत्राचा जाडजूड विशेषांक काढला तेव्हा. विषय : ‘मराठी साहित्यातील पर्यावरणजाणिवा’. त्यात आम्हा तिघांचेही निबंध आहेत. २०१० च्या नियमावलीनंतर अध्यापकाच्या बढतीसाठी निबंधांचे गुण मोजले जाऊ लागले, आणि त्या काळात ज्याने त्याने जे जे लिहिले त्यातलेच हे. वाचून पाहिले. एका निबंधातील कवीचे नाव काढून दुसऱ्याचे घातले असते तरी निबंधाला काहीही इजा झाली नसती. ‘निसर्ग आणि मानव यांचे अतूट नाते’ कोणत्याही कवीत सापडते. शोधणाऱ्याला तर हमखासच सापडते. २०१८ च्या मे महिन्यात आयोगाने आपल्या यादीतून ४३०५ नियतकालिके एका फटक्यात वगळली, तेव्हा त्यांत आपले काही आहे काय हे पाहताना आमचे हात किंचित थरथरले होते, हेही येथे कबूल करून टाकावे. मुळा-मुठा विसरलेला विद्यार्थी आमचाच विद्यार्थी होता, एवढे त्या संध्याकाळी पटले.

तेव्हा हा लेख विद्यार्थ्यांच्या विरुद्ध नाही. कचऱ्याविषयीचे संशोधन या नावाने आपण सर्वांनी जे एक कर्ताहीन गद्य घडवले आहे, त्याच्या विरुद्ध आहे. रसायनशास्त्राच्या अंगाने त्यात काय उणे-अधिक आहे हे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही. वाक्याविषयी बोलण्याचा मात्र आहे. त्यासाठीच आम्हाला पगार मिळतो.

ती वाक्ये शेजारीशेजारी ठेवून पाहावीत. ‘कचऱ्याचे संकलन केले जाते.’ ‘त्याचे वर्गीकरण केले जाते.’ ‘त्याची शास्त्रोक्त पद्धतीने विल्हेवाट लावली जाते.’ व्याकरणाच्या तासाला आपण याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी प्रयोग म्हणतो आणि इंग्रजीच्या वळणाने तो मराठीत रुजला असेही सांगतो. ‘रावण रामाकडून मारला गेला’ हे ठरीव उदाहरण. त्या उदाहरणात निदान राम तरी शिल्लक असतो. कचऱ्याच्या वाक्यात तो ‘कडून’ही गळून पडतो. कोणाकडून संकलन केले जाते? कोणाच्या हातांनी वर्गीकरण केले जाते? प्रकल्पात नाही, अहवालात नाही, आमच्या निबंधात तर नाहीच नाही. आपल्या शहरांतून पहाटे झाडू घेऊन निघणारी माणसे बहुतांशी कोणत्या जातींतून येतात हे महाराष्ट्रात कोणाला सांगावे लागत नाही; आणि तेच नेमके वाक्याच्या बाहेर राहते. हाताने मैला उचलण्यास बंदी करणारा कायदा १९९३ मध्ये झाला, तो अपुरा पडला म्हणून २०१३ मध्ये दुसरा झाला, आणि त्यानंतरही गटारांत आणि मैल्याच्या टाक्यांत उतरलेली माणसे गुदमरून मरतच राहिली. त्यांच्याविषयीही आपण ‘मृत्यू झाल्याचे आढळून आले’ असेच लिहितो.

‘विल्हेवाट’ या शब्दाचेही पाहावे. जुन्या मराठीत विल्हेस लावणे म्हणजे व्यवस्थेस लावणे, जे जेथे असावयास हवे तेथे ते ठेवणे. विल्हेवाट म्हणजे मांडणी, निरवानिरव. आज त्या शब्दात फक्त नाहीसे करणे उरले आहे. खरे तर नाहीसे काहीच होत नाही. मुंबईचे ‘नाहीसे’ १९२७ पासून देवनारला साठत गेले आणि २०१६ च्या जानेवारीत ते पेटले तेव्हा त्याचा धूर उपग्रहांनाही दिसला. पुण्याचे ‘नाहीसे’ वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या उशाशी जाऊन पडले. विल्हेवाट या शब्दाचा आजचा अर्थ एवढाच : माझ्या नजरेआड, तुझ्या दारात.

आणि आता मांडवी. मांडवी या शब्दाचा अर्थच मुळी जकातघर. गलबतातून काय उतरले, किती उतरले, कोणाचे उतरले, याची नोंद जेथे होई ती जागा. आज त्याच काठावर समुद्र जे उतरवतो त्याची नोंद कोणी ठेवत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वाळूत डांबराचे गोळे येतात. ते कोणत्या जहाजाचे, कोणी सांगत नाही. उधाणाच्या भरतीला पिशव्या, तुटकी जाळी, दोऱ्या, चपला, बाटल्या, थर्माकोलचे तुकडे असा ऐवज येतो आणि भरतीच्या रेषेवर माळेसारखा मांडला जातो. बाटलीवरून कंपनी ओळखता येते, पण बाटली टाकणारा ओळखता येत नाही. समुद्रही जणू नवीन कर्मणीतच बोलतो.

परंतु नोंद कोणी ठेवत नाही हे आमचे विधान खोटे आहे, आणि ते खोटे आहे हे आम्हाला पुष्कळ वर्षांपूर्वी कळायला हवे होते. त्या गठ्ठ्यांपैकी एकात एका मुलीचा प्रकल्प होता. हाताने लिहिलेला, आठ-दहा पानांचा, मुखपृष्ठही नसलेला. तिचे वडील मासेमारीला जात. तिने एकच गोष्ट केली होती : काही आठवडे रोज, जाळ्यातून मासळी सोडून आणखी काय निघाले ते तिने लिहून ठेवले होते. उधाणाला काय येते, भांगाच्या भरतीला काय येते, वारा फिरला की काय बदलते, खाडीच्या तोंडाकडचे जाळे आणि खोल पाण्यातले जाळे यांत फरक काय पडतो. आईने सांगितलेलेही तिने लिहिले होते. पूर्वी टोपलीत मासळीखाली काय अंथरत आणि आता काय अंथरतात. पहिलेच वाक्य असे होते : ‘जाळ्यात म्हावऱ्यापरीस पिशव्याच जास्ती गावतात.’

त्या वाक्याखाली आमची लाल रेघ आहे. समासात आम्ही लिहिले : ‘भाषा प्रमाण हवी. उद्दिष्टे व गृहीतके नाहीत.’ मुळा-मुठावाल्याला तिच्याहून जास्त गुण मिळाले, कारण त्याचा प्रकल्प नमुन्याबरहुकूम होता. त्या गठ्ठ्यातील संशोधन म्हणावे असे एकमेव लेखन आम्ही नापसंतीच्या शेऱ्यासह परत केले. आज ते आमच्यापाशी नाही, मुलगीही केव्हाच शिकून बाहेर पडली. तिच्या वाक्याला कर्ता नव्हता असे म्हणता येईल. पण ‘गावतात’ म्हणणारा माणूस जाळ्यापाशी उभा आहे, त्याचे हात ओले आहेत, हे त्या क्रियापदातच कळते. ‘आढळून येतात’ असे लिहिणाऱ्याविषयी तसे काही कळत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो आमच्याच व्यवसायबंधूंकडून येतो. कचरा हा विज्ञानाचा, फार तर नागरिकशास्त्राचा विषय. साहित्याच्या अध्यापकाने त्यात पडू नये. हा आक्षेप रत्नागिरीत घेतला जावा याची आम्हाला विशेष मौज वाटते. कारण मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ज्याचे नाव केवळ अनुवादक म्हणून माहीत असते, किंवा तेवढेही माहीत नसते, असा एक माणूस याच जिल्ह्यात होऊन गेला.

गांधीजींच्या आत्मकथेचा मराठी अनुवाद सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन यांचा. ग्रंथालयाच्या सूचीत ही नोंद आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांची ओळख तेथे संपते. अप्पासाहेब पटवर्धन, १८९४ ते १९७१. मुंबई विद्यापीठाचे एम. ए., काही काळ महाविद्यालयात शिकवलेले. म्हणजे आपल्याच जातकुळीचे. १९३० च्या शिरोडे येथील मिठाच्या सत्याग्रहाचे एक प्रमुख. आणि उरलेल्या सगळ्या आयुष्याचा विषय : मैला, मेलेले जनावर, खत.

त्यांची संशोधनपद्धती कोठून सुरू झाली हे पाहण्यासारखे आहे. १९३२ मध्ये ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगात कामे जातीवार वाटलेली असत. मैला उचलण्याचे काम सवर्ण कैद्याला देत नसत. अप्पांनी ते काम मागितले. नाकारले गेले. (पाहा, येथेही आम्ही ‘नाकारले गेले’ असे लिहून गेलो, तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी नाकारले.) अप्पांनी निषेधार्थ आपला आहार कमी केला. येरवड्याच्या तुरुंगात ही बातमी पोहोचली, आणि डिसेंबर १९३२ मध्ये गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपवास आरंभला, तेव्हा कोठे सरकार हलले. वाक्याचा कर्ता बदलण्यासाठी दोन माणसांना उपाशी राहावे लागले, असे आम्ही व्याकरणाच्या भाषेत म्हणू.

पुढे १९४८ मध्ये कणकवलीला, जे तेव्हा आणि १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होते, त्यांनी गोपुरी आश्रम काढला. खेड्याला परवडेल असा संडास कसा असावा, मैल्यावर माती आणि पालापाचोळा पडल्यावर त्याचे खत कसे होते, ते शेतात कसे वापरावे, मेलेल्या जनावराचे चामडे वाया कसे जाऊ द्यायचे नाही, याचे प्रयोग तेथे चालले. गृहीतक होते, निरीक्षण होते, फसलेले प्रयोग होते. विद्यापीठाच्या कोणत्याही व्याख्येने ते संशोधनच होते. फक्त संशोधक आणि उचलणारा हे दोन वेगळे इसम नव्हते. ‘माझी जीवनयात्रा’ हे त्यांचे आत्मचरित्र उपलब्ध आहे. आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराच्या आमच्या पत्रिकेत ते एकदाही नव्हते. आम्हीच अभ्यासमंडळाला सूचना पाठवतो, तेव्हा दोष दुसऱ्या कोणाच्या माथी मारण्याची सोय नाही.

मराठीत ‘सोनखत’ असा एक शब्द आहे. माणसाच्या मैल्याच्या खताला सोने म्हणणारी भाषा कृषिसंस्कृतीतून आली हे उघड आहे. या शब्दावर एखादा सुंदर ललित निबंध लिहिता येईल, आणि तसा तो कोणी लिहू नये अशी आमची विनंती आहे. कारण येथे एक धोका आहे. सोन्याचे कौतुक करणारा आणि ते डोक्यावरून वाहणारा ही दोन वेगळी माणसे होती. मैला उचलण्याच्या कामाला पुण्यकर्म ठरवणाऱ्या गांधीवादी भाषेवर दलित विचारवंतांनी घेतलेला आक्षेप याच जागी आहे, आणि आमच्या मते तो निरुत्तर करणारा आहे. बाबासाहेबांनी महाडच्या लढ्याच्या काळापासून आपल्या माणसांना सांगितले की मेलेली जनावरे ओढू नका, मृतमांस खाऊ नका. ज्यांच्यावर हे काम जन्माने लादले त्यांनी ते टाकून द्यावे. अप्पांचे सांगणे दुसऱ्या बाजूच्या लोकांना होते : ज्यांनी ते जन्माने टाळले त्यांनी ते उचलावे. पहिली गोष्ट घडल्याशिवाय दुसरीला अर्थ नाही. नुसती दुसरी हवी असेल तर वर्षातून एकदा हातमोजे घालून किनाऱ्यावर काढलेले छायाचित्र पुरते. गाडगेबाबांचा खराटा आपण असाच पुतळ्याच्या हाती देऊन मोकळे झालो. त्यांच्या नावाने २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान झाले, त्यातून पुष्कळ गावांत खरेच काम झाले, हे आम्ही नाकारत नाही. पण बक्षीस गावाला मिळाले, झाडणाऱ्याला कोठे मिळाल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

आता आपल्या घरच्या प्रांगणात येऊ. कचऱ्याविषयीचे ज्ञान मराठी साहित्यात नाही काय? भरपूर आहे. आपण ते ज्ञान म्हणून वाचले नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या १९१५ च्या ‘गाव-गाडा’त खेड्यातील कोणते काम कोणाच्या वाट्याला याचा सविस्तर हिशेब आहे. दया पवारांच्या १९७८ च्या ‘बलुतं’मध्ये गावातील मेलेल्या जनावराचे पुढे काय होते ते आहे. आपण ‘बलुतं’ शिकवताना वेदना, विद्रोह, नकार हे तीन शब्द फळ्यावर लिहितो आणि पुढच्या आत्मकथनाकडे वळतो. गावाने आपल्या घाणीची व्यवस्था जन्मावर कशी बसवली होती याचा तो प्रथमपुरुषी पुरावा आहे, हे आपण बोलत नाही. वेदना परीक्षेत विचारता येते, पुरावा विचारता येत नाही. अण्णा भाऊ साठ्यांच्या ‘स्मशानातलं सोनं’ या कथेतील भीमा प्रेतांच्या राखेतून सोने वेचतो. आपण त्या कथेचा शेवट वातावरणनिर्मितीसाठी वाखाणतो. शहराने टाकून दिलेल्या माणसाला शहराने टाकून दिलेल्या गोष्टींतून जगावे लागते, हे त्या कथेतले अर्थशास्त्र आपल्या प्रश्नपत्रिकेत कधी आले? अरुण कोलटकरांनी काळा घोड्यावरच्या आपल्या इंग्रजी कवितांत कचरा तुडवणाऱ्या झाडूवालीला ‘मीरा’ हे नाव दिले. नाव दिले. आपल्या अहवालांना ते आजतागायत जमलेले नाही.

कोकणाच्या बाबतीत तर आमचा अपराध दुहेरी आहे. समुद्र म्हटला की आम्हाला गाज ऐकू येते, संध्याकाळ दिसते, माडांच्या सावल्या दिसतात. मांडवीवरचा सूर्यास्त या विषयावर कविता लिहिली नाही असा रत्नागिरीतील मराठीचा विद्यार्थी विरळा. त्यांत मिरकरवाड्याच्या बंदरातला वास नसतो आणि राजिवड्याच्या पायऱ्यांशी साचलेले पाणी नसते. निसर्गकविता हा आमच्याकडे कचरा दृष्टीआड करण्याचा सर्वांत जुना उपाय आहे.

रत्नागिरीत प्रदूषण रोखल्याची एक अभिमानाची कथा सांगितली जाते. तीही येथे पुन्हा उलगडून पाहायला हवी. नव्वदच्या दशकाच्या आरंभी स्टरलाइट कंपनीचा तांबे गाळण्याचा प्रकल्प रत्नागिरीत उभा राहू लागला. आंबा बागायतदार, मच्छीमार, सामान्य नागरिक उठले, १९९३ मध्ये काम थांबले. त्या आंदोलनाविषयी आम्हाला आदरच आहे. पहाटेपर्यंत चाललेल्या सभांच्या आठवणी आमच्या घरच्या मोठ्यांनी सांगितल्या, त्या ऐकत आम्ही वाढलो. परंतु ‘प्रकल्प हटवला गेला’ हे वाक्य येथेच संपत नाही. प्रकल्प हटून तमिळनाडूत तुतिकोरीनला गेला. तेथेही मच्छीमार होते. तेथेही लोक उठले, वर्षानुवर्षे उठत राहिले, आणि २२ मे २०१८ रोजी पोलिसांच्या गोळीबारात १३ माणसे ठार झाली. कारखाना बंद झाला, आणि तो पुन्हा उघडण्याची कंपनीची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळली. या सगळ्या वर्षांत आम्ही रत्नागिरीकर आमच्या विजयाची गोष्ट १९९३ वर थांबवून सांगत राहिलो. आंदोलकांनी काही चुकीचे केले असे आम्ही म्हणत नाही. त्यांनी आपले गाव वाचवले, तुतिकोरीनच्या माणसांना गोळी त्यांनी घातली नाही. आमचे म्हणणे कथनाविषयी आहे. जी गोष्ट आपल्या गावच्या वेशीवर संपते ती विल्हेवाटीचीच गोष्ट असते.

आणि जे आपल्या जिल्ह्यातून हटले नाही त्याचे काय? लोटे परशुरामच्या रासायनिक वसाहतीचे सांडपाणी आणि दाभोळच्या खाडीतील मासेमारी यांविषयी लोकांच्या तक्रारी पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाच्या २०११ च्या अहवालात आहेत. माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखालील या गटाने स्थानिकांचे म्हणणे ऐकून ते पुराव्यासारखे मांडले, जे आम्ही त्या मुलीच्या बाबतीत केले नाही. अहवाल इंग्रजीत होता. सार्वजनिक होण्यासाठीही माहितीच्या अधिकाराची लढाई व्हावी लागली आणि २०१२ चा मे उजाडला. तो ज्यांच्याविषयी आहे त्यांच्या भाषेत त्यातली रत्नागिरीची पाने आणण्याचे काम आमच्या विभागाला आपले वाटले नाही. आत्मकथेचा अनुवाद करणाऱ्या अप्पासाहेबांना ते कदाचित वाटले असते. त्या वर्षी आम्ही पर्यावरणजाणिवांवर निबंध लिहीत होतो.

मग करायचे काय, असे कोणी विचारील. आमच्यापाशी योजना नाही. योजनांची तयार पाने त्या गठ्ठ्यात हवी तितकी मिळतील. आम्ही आमच्यापुरते काही बदल केले आहेत. प्रकल्पात उद्दिष्टे नसली तरी चालतील, पण कचऱ्याविषयीच्या प्रत्येक वाक्यात कोणी टाकला आणि कोणी उचलला हे आले पाहिजे, अशी अट आम्ही घातली. घरी जी बोली बोलली जाते तीत लिहायला मुभा दिली. पहिल्याच वर्षी पाने निम्म्याने कमी झाली, कारण तयार मजकुरातली वाक्ये त्या अटीत बसेनात. एका विद्यार्थ्याने आपल्या वाडीतील कचऱ्याची गाडी कोठे रिकामी होते हे पाहण्यासाठी तिच्यामागे सायकल नेली. एकाने उधाण आणि भांग यांच्यासाठी आजोबांकडचे आणखी चार शब्द आणले. त्यांतले दोन आम्ही कधी ऐकले नव्हते. बाह्य परीक्षकांनी अर्थातच शेरा लिहिला की संशोधनपद्धतीचा अवलंब झालेला दिसत नाही.

नियम विद्यार्थ्यांना घातला तो स्वतःलाही लावावा, म्हणून आम्ही आमच्या त्या जुन्या विशेषांकाकडे परत गेलो. त्याच्या प्रास्ताविकात चर्चासत्राविषयी एक वाक्य आहे : ‘परिसर स्वच्छ ठेवण्यात आला होता.’ त्या दोन दिवसांत तीनशे माणसे जेवली होती. थर्माकोलच्या पत्रावळी, पाण्याच्या बाटल्या, नावाचे बिल्ले, फुलांचे गुच्छ, हे सगळे सभागृहाच्या मागे साठले होते, आणि दुसऱ्या दिवशी सायंकाळी आभारप्रदर्शन चालू असताना मागच्या बाजूला ते भरले जात असल्याचा आवाज येत होता. आभाराच्या यादीत मंडपवाल्याचे नाव होते.

वाक्य दुरुस्त करायचे म्हणून आम्ही त्या बाईंना शोधले. शोधावे लागले नाही. त्या आमच्याच व्हरांड्यात गेली कित्येक वर्षे झाडतात. आम्ही त्यांना ‘मावशी’ म्हणतो. नाव विचारल्यावर त्यांनी ते सांगितले, आडनावासकट. मग झाडू भिंतीला टेकवून विचारले, “कशाला पायजे, सर?”

आम्ही सांगितले की एका लेखात घालायचे आहे.

“छापू नका,” त्या म्हणाल्या. “ठेकेदार विचारील.”

म्हणून ते येथेही दिलेले नाही.